काबूलची वीज आणि दात्यांची गर्दी

प्रश्न : युद्ध संपलं की ‘अमुक परिषदेत पुनर्उभारणीसाठी इतके अब्ज डॉलर जाहीर’ अशी बातमी हमखास येते. पैसे देणारे तीस-चाळीस देश आणि वर शेकडो संस्था. मग कुठला पूल कुणी बांधायचा, कुठली शाळा कुणी उभारायची, हे ठरवतं कोण? एका गावात तीन शाळा आणि शेजारच्या गावात एकही नाही, असं होत नाही का? जाहीर झालेला पैसा खरोखर तिथे पोचतो का? आणि भारतानं अफगाणिस्तानात एवढा खर्च केला, तो वाया गेला का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला शंका आली आहे तसं होतं, आणि पुष्कळदा होतं. सगळ्यांच्या वर बसून ‘हे तू कर, ते तू कर’ असं सांगणारा अधिकारी जगात कुठेच नाही. संयुक्त राष्ट्रसंघ किंवा जागतिक बँक परिषद बोलावते, नुकसानीचा अंदाज मांडते, यादी करते. पण प्रत्येक देशाचा पैसा त्याच्या संसदेनं मंजूर केलेला असतो, त्याचं आर्थिक वर्ष वेगळं असतं, ऑडिटचे नियम वेगळे असतात आणि बहुतेक वेळा कंत्राटदारही त्याच्याच देशातले असतात. समन्वय व्हायला हवा असं परिषदेतला प्रत्येक जण म्हणतो, पण दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपलं काम बदलायला कुणी राजी नसतो.

तुम्ही अफगाणिस्तानचं नाव काढलंच आहे, तर त्याच देशाच्या आधारानं उत्तर देतो. २००१ ते २०२१ या वीस वर्षांत मदतीची वाटणी करण्याची जगाला ठाऊक असलेली जवळजवळ प्रत्येक पद्धत तिथे वापरून झाली. एकट्या अमेरिकेनं ‘पुनर्उभारणी’ या नावाखाली सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. त्यातला निम्म्याहून मोठा भाग सैन्य आणि पोलिसांवर गेला, तरीही उरलेली रक्कम प्रचंड होती.

सुरुवात काबूलच्या विजेपासून करू, कारण चांगला समन्वय आणि त्याचा पूर्ण अभाव या दोन्ही गोष्टी त्या एकाच शहरात, एकाच सुमारास घडल्या.

२००१ च्या अखेरीस तालिबान हटले, तेव्हा काबूलमध्ये वीज आली तर काही तास येत असे. काबूल नदीवर नाघलू, माहीपर अशी जुनी जलविद्युत केंद्रं होती, पण यंत्रं थकलेली आणि हिवाळ्यात पाणी कमी. सर्वांत शहाणपणाचा मार्ग उत्तरेला होता. अमू दर्याच्या पलीकडे उझबेकिस्तानात वीज मुबलक होती आणि ती विकायला तो देश तयार होता. अडचण एवढीच, की ती वीज काबूलला आणायची तर मध्ये हिंदुकुश आडवा होता.

या कामाचे तुकडे पडले. सरहद्दीवरच्या हैरतानपासून पुल-ए-खुमरीपर्यंतच्या वाहिनीसाठी आशियाई विकास बँकेनं पैसा दिला. पुल-ए-खुमरी ते काबूल हा सुमारे २०० किलोमीटरचा, सालंग घाटातून जाणारा सर्वांत अवघड टप्पा भारतानं घेतला. पॉवरग्रिड या आपल्या सरकारी कंपनीनं तो बांधला आणि काबूलजवळच्या चिमतला इथे उपकेंद्रही उभारलं. शहरातली जुनी उपकेंद्रं आणि तारांचं जाळं दुरुस्त करण्यात जर्मनी आणि जागतिक बँक होती. वीज खरेदीचा करार अफगाण सरकारला उझबेकिस्तानशी करायचा होता.

आता यात काय काय जुळावं लागतं ते पाहा. दाब एकच, म्हणजे २२० किलोव्होल्टचाच हवा. एकाची लाइन कुठल्या टॉवरपाशी संपते आणि दुसऱ्याची कुठून सुरू होते, ते नकाशावर पक्कं हवं. पाचांपैकी एकाला दोन वर्षं उशीर झाला, तर बाकी चौघांचे टॉवर नुसतेच उभे राहणार. डोंगरात बर्फामुळे वर्षातले मोजकेच महिने काम चालतं. आणि भारताला तर सामान पाठवायलाही सरळ वाट नव्हती, कारण पाकिस्तान आपला माल जमिनीच्या मार्गानं अफगाणिस्तानात जाऊ देत नव्हता. एवढं सगळं असूनही २००९ च्या सुरुवातीला उझबेक वीज काबूलमध्ये पोचली. गेल्या पंचवीस वर्षांतल्या आंतरराष्ट्रीय मदतीचं हे मला सर्वांत आवडणारं उदाहरण आहे. एकही दाता एकटा हे काम करू शकत नव्हता, आणि कामाची घडणच अशी होती की एकमेकांशी बोलण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हतं.

त्याच वर्षांत त्याच शहराच्या पूर्वेला तराखिल इथे अमेरिकेच्या मदतीतून १०५ मेगावॉटचं डिझेल वीजकेंद्र उभं राहत होतं. त्याचा खर्च ३० कोटी डॉलरांच्या वर गेला. डिझेल आणायचं टँकरनं, परदेशातून, आणि तेही ज्या देशाच्या तिजोरीत स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा पगार देण्याइतकाही महसूल जमत नव्हता त्यानं. तिथली एक युनिट वीज उझबेक विजेच्या कितीतरी पट महाग पडत होती. उत्तरेची लाइन येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही केंद्र पूर्ण झालं. पुढे अमेरिकेच्याच तपासनिसांनी लिहून ठेवलं, की हे केंद्र क्षमतेच्या अगदी किरकोळ अंशानं चालतं आणि अडीअडचणीपुरतं राखून ठेवलेलं असतं.

तराखिल ज्यांनी उभारलं ते लोक मूर्ख नव्हते. वॉशिंग्टनला लवकर दिसणारं काम हवं होतं, पैसा ठरलेल्या मुदतीत खर्च करायचा होता, आणि वाहिनी वेळेवर येईलच याची खात्री कुणी देत नव्हतं. प्रत्येक कारण आपल्या जागी पटण्यासारखं आहे. कमतरता एकाच गोष्टीची होती. हे नको, याऐवजी आमच्या लाइनमनना तयार करा, असं ठणकावून सांगू शकेल आणि ज्याचं ऐकलंच जाईल, असा माणूस काबूलमध्ये नव्हता. मदतीच्या समन्वयाबद्दल माझं जे काही मत झालं आहे ते याच जागी येऊन थांबतं. बैठका कितीही घ्या, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे त्यावर सगळं ठरतं. आणि तो अधिकार ज्याच्या घरी काम चाललं आहे त्याच्याकडे असायला हवा.

तिथल्या काही अफगाण मंत्र्यांना हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. अश्रफ घनी २००२ ते २००४ मध्ये अर्थमंत्री होते. पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचं जे झालं ते सर्वांनी पाहिलं, पण त्या पहिल्या दोन वर्षांत त्यांनी दात्यांपुढे मांडलेल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. प्रत्येक देशानं सगळीकडे थोडं थोडं करू नये, तीनच क्षेत्रं निवडावीत आणि तिथे भरीव रक्कम घालावी. काम कुणीही करो, ते देशाच्या अंदाजपत्रकात दिसावं. शक्य तितका पैसा सरकारी खजिन्यातून जावा. दात्यांनी माना डोलावल्या आणि बहुतेकांनी आपलंच चालू ठेवलं.

घनींच्या आग्रहामागे एक कडवट अनुभव होता. गावजेवणाला प्रत्येकानं श्रीखंड आणायचं म्हटलं, तर पाणी भरायला आणि उष्टी काढायला कोण उरणार? दात्यांचं तसंच होतं. शाळेच्या इमारतीवर पाटी लावता येते, शिक्षकाच्या पगारावर लावता येत नाही. म्हणून इमारतींना दाते रांगेनं मिळतात आणि पगाराला मिळत नाहीत. अफगाण शिक्षकाला, परिचारिकेला सरकारकडून महिन्याला साधारण ५० डॉलर मिळत. परदेशी संस्थेचा चालक किंवा दुभाषा त्याच्या कितीतरी पट कमवत असे. मग इंग्रजी येणारा शिक्षक, हिशेब जाणणारा कारकून, अभियंता ही माणसं सरकारी नोकरी सोडून परदेशी संस्थांच्या गाड्या चालवू लागली. सरकारला बळ द्यायचं म्हणून आलेल्या पैशानंच सरकारची माणसं उचलून नेली. मला ही या सगळ्या कहाणीतली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते, पण वीस वर्षांचा अनुभवी मुख्याध्यापक कुठून आणणार?

पगाराच्या प्रश्नावर एक चांगला तोडगाही निघाला. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली २००२ मध्ये ‘अफगाणिस्तान पुनर्उभारणी विश्वस्त निधी’ सुरू झाला. तीसहून जास्त दात्यांनी आपला पैसा या एकाच पेटीत टाकला. सरकारनं आधी पगार आणि चालू खर्च भागवायचा, पावत्या दाखवायच्या, बाहेरच्या तपासनिसांनी त्या पाहायच्या आणि नियमात बसणारा खर्च निधीनं भरून द्यायचा, अशी पद्धत. नियमात न बसलेली रक्कम सरकारच्या अंगावर. पद्धत रटाळ आहे, तिचे फोटो निघत नाहीत, पण तिच्यामुळे खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांचे पगार झाले आणि अर्थखात्यातल्या माणसांना हिशेब ठेवण्याची सवय लागली. इथेही दात्यांना मोह आवरला नाहीच. आपल्या रकमेपैकी काही भाग आमच्या पसंतीच्या कामालाच जावा, अशी मुभा त्यांनी ठेवून घेतली.

आरोग्य खात्यानं तर याच्याही पुढची मजल मारली. २००३ मध्ये त्यानं प्राथमिक आरोग्यसेवांची एक नेमकी यादी जाहीर केली : बाळंतपण, लसीकरण, क्षय, हिवताप, बालकांचे आजार आणि प्रत्येक पातळीच्या केंद्रात कुठले कर्मचारी, कुठली औषधं असायला हवीत ते. मग देशातले प्रांत अमेरिका, युरोपीय आयोग आणि जागतिक बँक या तीन प्रमुख दात्यांत वाटून दिले. दाता बदलला तरी सेवा तीच. दवाखाने चालवण्यासाठी स्वयंसेवी संस्थांकडून निविदा मागवल्या आणि देखरेख खात्यानं आपल्याकडे ठेवली. कुणी म्हणालं, आम्हाला राजधानीत झगमगीत हृदयरोग रुग्णालय बांधायचं आहे, तर खातं सांगू शकत होतं की ते यादीत नाही, आधी बाळंतपणाचं बघू. त्या काळात अफगाणिस्तानात बाळं आणि बाळंतिणी दगावण्याचं प्रमाण जगात सर्वांत वाईट प्रमाणांपैकी होतं, आणि पुढच्या वर्षांत बालमृत्यूंमध्ये खरी घट झाली. युद्ध चालू असताना, निम्मे रस्ते धोक्याचे असताना हे झालं, म्हणून त्याचं मोल मोठं.

तुमच्या ‘एका गावात तीन शाळा’ या प्रश्नाचं उत्तर आरोग्याच्या या वाटणीत आहे आणि तिच्या उलट बाजूला असलेल्या लष्करी वाटणीतही आहे. २००३ पासून ‘प्रांतिक पुनर्उभारणी पथकं’ नावाची व्यवस्था आली. सैनिक आणि मुलकी अधिकारी यांची एकत्र पथकं, एकेका प्रांतात एकेका देशाची. कंदाहारमध्ये कॅनडा, हेल्मंदमध्ये ब्रिटन, कुंदुझमध्ये जर्मनी, हेरातमध्ये इटली, बामियानमध्ये न्यूझीलंड, घोरमध्ये लिथुएनिया. नकाशावर सुटसुटीत दिसतं. पण इथे सेवांची यादी देशाची नव्हती, पथकामागच्या देशाची होती. श्रीमंत देशाच्या वाट्याला आलेला प्रांत नशीबवान, लहान देशाच्या वाट्याचा कमनशिबी. त्यातही ज्या प्रांतात लढाई जास्त तिथे पैसा जास्त, कारण पैशानं शांतता विकत घेता येईल अशी आशा होती. घोर किंवा बामियानसारख्या त्या मानानं शांत आणि अतिशय गरीब भागांतल्या लोकांनी यातून काय अर्थ काढायचा? आमच्याकडे बंदुका चालत नाहीत म्हणून आम्हाला रस्ता नाही, असं त्यांना वाटलं तर त्यांचं काही चुकलं नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा एक प्रयोग २००३ मध्येच सुरू झाला होता, ‘राष्ट्रीय एकता कार्यक्रम’ नावाचा. त्यात गावानं मतदानानं परिषद निवडायची, मग दर कुटुंबामागे २०० डॉलर आणि एका गावाला जास्तीत जास्त ६० हजार डॉलर मिळायचे. विहीर, कालवा, छोटं जलविद्युत यंत्र की शाळा, हे गावच ठरवणार. खर्चातला काही वाटा श्रम किंवा साहित्याच्या रूपानं गावानं उचलायचा आणि जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा लावायचा. हजारो गावांत हे झालं. पुष्कळ ठिकाणी बायकांचीही स्वतंत्र बैठक भरली आणि त्यांची मागणी बहुतेकदा पाण्याची निघाली. सगळीकडे यश आलं नाही, कुठे गावच्या खानानंच परिषद ताब्यात घेतली. तरीही दहा देशांच्या तज्ज्ञांनी बसून केलेल्या याद्यांपेक्षा या गावांच्या याद्या मला जास्त खऱ्या वाटतात.

जाहीर झालेला पैसा पोचतो का, याचं उत्तर थोडक्यात देतो. परिषदेत शब्द देणं, संसदेनं मंजुरी देणं, संस्थेच्या खात्यात पैसे पडणं आणि प्रत्यक्ष जागेवर खर्च होणं हे चार वेगवेगळे टप्पे आहेत, आणि बातमी नेहमी पहिल्याची होते. जानेवारी २००२ मध्ये टोकियोच्या परिषदेत अफगाणिस्तानसाठी सुमारे साडेचार अब्ज डॉलरचे शब्द दिले गेले. पण ते अनेक वर्षांसाठी होते, आणि पहिल्या वर्षात हाती आलेल्या पैशाचा मोठा भाग धान्य, तंबू, औषधं यांवर गेला. तो जायलाच हवा होता, कारण त्या एका वर्षात १८ लाखांच्या आसपास निर्वासित पाकिस्तान आणि इराणमधून परतले. पण ती मदत होती, उभारणी नव्हती. पुढे मुख्य कंत्राटदार, पोटकंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार आणि या सगळ्यांचे सुरक्षारक्षक अशी साखळी लागते, आणि प्रत्येक कडीला थोडा पैसा चिकटून राहतो.

सुरक्षेचा खर्च काय असतो ते कजाकीच्या धरणावर दिसलं. हेल्मंदमधल्या या धरणावर तिसरं जनित्र बसवायचं होतं. पैसा अमेरिकेचा, काम चिनी कंपनीकडे, प्रांत ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात. २००८ च्या ऑगस्टअखेर हजारो सैनिकांच्या बंदोबस्तात दोनशे टनांहून जास्त वजनाचे सुटे भाग शत्रूच्या मुलखातून धरणापर्यंत नेले. मोहीम फत्ते झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. पण ते बसवण्यासाठी लागणारं सिमेंट आणायचा रस्ता सुरक्षित राहिला नाही, चिनी अभियंते निघून गेले आणि ते भाग तसेच पडून राहिले. जनित्र फिरायला २०१६ उजाडलं. सैन्य, दाता आणि कंत्राटदार या तिघांनी आपापला तुकडा नीट केला तरी काम अडतं, ते असं.

मग हे कुठे तरी नीट जमलं आहे का? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात जमलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ ला हार्वर्डमध्ये भाषण केलं, त्यातली मुख्य अट पैशाइतकीच महत्त्वाची होती : योजना तुम्ही, युरोपीय देशांनी, मिळून करा. त्याप्रमाणे १६ देश पॅरिसमध्ये जमले आणि एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी एक कायमची संघटना काढली. तीच आजच्या ‘ओईसीडी’ची पूर्वज. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेनं त्यांना सांगितलं की पहिल्या वर्षाची रक्कमही तुम्हीच आपसात वाटून घ्या. भांडणं जुंपली. प्रत्येकानं आपला आकडा फुगवून आणला होता. शेवटी चार अधिकाऱ्यांच्या एका छोट्या गटाला कागद देऊन बसवलं आणि त्यांनी वाटणी सुचवली. पण भांडायचं म्हणजे एकमेकांच्या गरजा, आयात, उत्पादन यांचे आकडे टेबलावर मांडावे लागले. तीन वर्षांपूर्वी एकमेकांची शहरं बेचिराख करणाऱ्या देशांचे कारकून एकमेकांच्या वह्या तपासू लागले.

त्या योजनेतला आणखी एक भाग मला फार हुशारीचा वाटतो. अमेरिकेकडून आलेला गहू, कोळसा, यंत्रं सरकार आपल्या लोकांना स्थानिक चलनात विकत असे. ते पैसे वेगळ्या खात्यात जमत आणि दोन्ही सरकारांच्या संमतीनं उभारणीवर खर्च होत. पश्चिम जर्मनीनं या पैशातून उद्योगांना कर्जं दिली, ती फिटली, पुन्हा दिली. त्यासाठी १९४८ मध्ये काढलेली ‘केएफडब्ल्यू’ ही बँक आज जगातल्या मोठ्या विकास बँकांपैकी एक आहे, आणि काबूलच्या वीजव्यवस्थेसाठी जर्मनीचा पैसा आला तो तिच्याच मार्फत.

चार वर्षांत साधारण १३ अब्ज डॉलर एवढाच त्या योजनेचा आकडा होता. अफगाणिस्तानला याहून जास्त मिळूनही तसं का झालं नाही, असं कुणी विचारलं की मला त्या प्रश्नाचा राग येतो. फ्रान्स किंवा हॉलंडमध्ये घरं पडली होती, पण कर गोळा करणारी कचेरी, जमिनीची दप्तरं, अभियंत्यांच्या पिढ्या शाबूत होत्या. आणि मुख्य म्हणजे युद्ध संपलं होतं. अफगाणिस्तानात ते कधी संपलंच नाही.

बोस्नियात आणखी वेगळा मार्ग धरला गेला. १९९५ च्या डेटन करारानंतर तिथे एका परदेशी ‘उच्च प्रतिनिधी’ची नेमणूक झाली आणि १९९७ पासून त्याला कायदे लादण्याचे, निवडून आलेल्यांना पदावरून काढण्याचेही अधिकार मिळाले. ‘नाही’ म्हणणारा मिळाला, पण तो बाहेरचा. त्यामुळे घरं, पूल, तारा पटापट दुरुस्त झाल्या, मात्र तिथल्या पुढाऱ्यांना अवघड निर्णय त्याच्यावर ढकलायची सोय झाली. तीस वर्षांनंतरही ते पद पुरतं मिटलेलं नाही.

युक्रेनमध्ये युद्ध संपण्याआधीच ही व्यवस्था लावायला घेतली आहे. जानेवारी २०२३ मध्ये दात्यांचं एक संयुक्त व्यासपीठ झालं, त्यात युक्रेनचं सरकार स्वतः सहअध्यक्ष आहे. उभारणीच्या प्रकल्पांची नोंद कुणालाही पाहता येईल अशा सरकारी संगणक-व्यवस्थेत होते. ही गोष्ट अफगाणिस्तानवरून शिकलेली दिसते. पण डेन्मार्कनं मिकोलाइव्ह शहर आणि परिसर आपल्या वाट्याला घेतला, तशी प्रांतवार वाटणी तिथेही आहे, आणि तिचा धोका वर सांगितलाच. जागतिक बँक, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रसंघ आणि युक्रेन सरकार यांनी मिळून फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा वर्षांचा खर्च मांडला, तो ५२४ अब्ज डॉलर होता. एवढा पैसा कुणाच्याही खिशात तयार नाही, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय यावरच खरी ओढाताण होणार.

आता भारताचा पैसा. वीस वर्षांत आपण सुमारे तीन अब्ज डॉलर घातले. त्यातून वर सांगितलेली वीजवाहिनी झाली. हेरात प्रांतात हरी नदीवर सलमा धरण झालं, ४२ मेगावॉटचं, जून २०१६ मध्ये ते सुरू झालं. काबूलमध्ये संसदेची इमारत झाली. निमरोझच्या वाळवंटात सीमा रस्ते संघटनेनं झरंज ते देलाराम हा २०० किलोमीटरहून लांब रस्ता बांधला, त्यात आपली आणि अफगाण माणसं मारली गेली, तरी २००९ च्या जानेवारीत तो सुपूर्द झाला. यात आपला स्वार्थ होता, हे लपवण्यात अर्थ नाही. इराणच्या चाबहार बंदरातून अफगाणिस्तानात जायला आपल्याला तो रस्ता हवा होता. अफगाणिस्तानलाही कराचीवाचून समुद्र गाठायचा होता. दोघांची गरज एकाच रस्त्यानं भागत असेल तर त्यात गैर काही नाही. याशिवाय देशाच्या सर्व ३४ प्रांतांत मिळून चारशेहून जास्त लहानमोठे प्रकल्प झाले.

भारत पाश्चात्त्य दात्यांच्या गटात बसला नाही. आपली बहुतेक कामं दोन सरकारांत थेट ठरली आणि आपल्याच कंपन्यांनी केली. त्यामुळे अफगाण अभियंत्यांच्या हाती जेवढं काम जायला हवं होतं तेवढं गेलं नाही, असं मला वाटतं. पण दरवर्षी सुमारे हजार शिष्यवृत्त्या देऊन आपण जे केलं, ते फार थोड्या दात्यांनी केलं. पुण्यातल्या महाविद्यालयांत कित्येक वर्षं अफगाण मुलं-मुली मोठ्या संख्येनं शिकत होती. वर ज्या मुख्याध्यापकांची आणि हिशेबनिसांची उणीव सांगितली, ती भरून काढायचा हाच एक मार्ग होता.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा अफगाण सरकारचा जवळजवळ तीनचतुर्थांश खर्च परदेशी मदतीवर चालत होता. ती एका आठवड्यात थांबली. विश्वस्त निधी गोठला, मध्यवर्ती बँकेची परदेशातली गंगाजळीही गोठली. पगार थांबले. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाला रोख डॉलर विमानानं काबूलला न्यावे लागले, कारण बँकांमार्फत पैसे पाठवायची वाटच उरली नव्हती. सरकारला वगळून दवाखाने चालू ठेवायचे, अशी पद्धत शोधावी लागली. मग डिसेंबर २०२२ मध्ये तालिबाननं स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना बंदी केली. आता घराघरांत जाऊन बायकांशी बोलणार कोण? ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार देशाकडे हवा असं मी वर म्हटलं. तो अधिकार हाती आलेल्यांनी तो आपल्याच मुलीबाळींवर चालवला, तर दात्यानं काय करावं, याचं नीट उत्तर आज कुणी देऊ शकलेलं नाही.

तरी भारताचा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. उझबेक वीज आजही त्याच टॉवरांवरून काबूलला येते. २०२१ मध्ये आपण ५० हजार टन गहू देऊ केला, त्यातला बहुतेक २०२२ मध्ये अफगाण ट्रकांनी पाकिस्तानातून नेला आणि जागतिक अन्न कार्यक्रमानं वाटला. २०२३ मध्ये पुढचा गहू चाबहारच्या मार्गानं पाठवायचं ठरलं. जून २०२२ मध्ये आपलं तांत्रिक पथक काबूलमध्ये गेलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा दूतावासाचा दर्जा मिळाला. त्या वेळच्या बोलण्यात सलमा धरणाच्या देखभालीचा विषय होता, ही मला मोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाची बातमी वाटते. तिथल्या तीन जनित्रांना सुटे भाग लागतात, गाळ उपसावा लागतो, शिकलेले चालक लागतात. काबूलच्या पिण्याच्या पाण्यासाठी २०२१ च्या फेब्रुवारीत ठरलेलं शहतूत धरण मात्र कागदावरच राहिलं आहे, आणि त्या शहराखालचं पाणी वर्षागणिक खोल जातं आहे.

शिष्यवृत्त्याही पुन्हा सुरू झाल्या आहेत, या वेळी घरबसल्या संगणकावर शिकण्याच्या. सहावीच्या पुढे मुलींसाठी शाळेचं दार बंद झालेल्या देशात, त्या यादीत त्यांचीही नावं आहेत.